गाण्याचा सातबारा

१९९२च्या नोव्हेंबरमध्ये व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजातलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणं बाजारात आलं. 'द बॉडीगार्ड' या चित्रपटातलं ते गाणं अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्या हिवाळ्यात रेडिओ लावला की कुठे ना कुठे ते ऐकू येतच होतं. तरीही अमेरिकेतल्या रेडिओवर ते जितक्या वेळा वाजलं, त्यातल्या एकाही वेळेचा मोबदला व्हिटनीला मिळाला नाही. तिथला कायदाच तसा आहे. नेहमीच्या एएम किंवा एफएम केंद्रावर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गाणं रचणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. ज्याच्या आवाजात ते वाजतं, त्या गायकाचा त्यावर हक्क नसतो. हे गाणं रचलं होतं टेनेसी राज्यातल्या डोंगराळ मुलखात वाढलेल्या डॉली पार्टन या कंट्री गायिकेने, जवळजवळ वीस वर्षं आधी. त्याच्या प्रकाशनाचा हक्कही तिने स्वतःकडेच ठेवला होता. म्हणजे व्हिटनीच्या अप्रतिम आवाजाने जग भारावून गेलं, तेव्हा रेडिओच्या मोबदल्यातला रचनाकाराचा आणि प्रकाशकाचा असे दोन्ही वाटे एकाच दारात जात होते.

डॉली पार्टनबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बारा भावंडांतली चौथी, लाकडी ओंडक्यांच्या खोपटात वाढलेली, बाळंतपणाचे पैसे म्हणून वडिलांनी डॉक्टरला मक्याच्या पिठाचं पोतं दिलं होतं, ही तिच्या जन्माची हकिकत प्रसिद्ध आहे. तिचे सोनेरी टोप, चमचमते कपडे आणि मोकळं हसू हेही सर्वांच्या ओळखीचं आहे. पण गरिबीतून वर आलेल्या गुणी गायिका अमेरिकेच्या दक्षिण भागात अनेक झाल्या. त्यांतल्या बहुतेकींची चलती दहा-पंधरा वर्षांत ओसरली, डॉलीची साठ वर्षं टिकली. हा फरक आवाजातून किंवा पेहरावातून उलगडत नाही. तो समजून घ्यायचा तर तिने कोणत्या कागदांवर सही केली आणि कोणत्या कागदांवर केली नाही, हे पाहावं लागतं. गाण्यांचे हक्क जपले म्हणून ती श्रीमंत झाली, एवढं सगळेच सांगतात. मला त्यापुढचं म्हणायचं आहे. त्या हक्कांनी तिला 'नाही' म्हणण्याची ऐपत दिली आणि तिच्या कारकिर्दीतली मोठी कलात्मक वळणं त्या ऐपतीवर उभी आहेत.

यासाठी आधी हे हक्क नेमके काय असतात ते पाहू. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल मिळून होणारी रचना ही एक, आणि ती रचना अमुक दिवशी अमुक गायकाने गायली त्याचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. ध्वनिमुद्रण बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं असतं. रचना रचनाकाराची असते, पण तो सहसा ती एखाद्या प्रकाशन कंपनीच्या हवाली करतो. संगीताच्या धंद्यात प्रकाशक म्हणजे पुस्तक छापणारा नव्हे. गाणं गायकांपर्यंत पोहोचवणं, त्याचे परवाने देणं आणि मोबदला गोळा करणं हे त्याचं काम, आणि त्याबदल्यात रूढ रिवाजाप्रमाणे मिळकतीतला अर्धा वाटा त्याचा. १९०९च्या कायद्याने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे एका गाण्यासाठी दोन सेंट हा दर ठरवून दिला होता आणि तो १९७७ अखेरपर्यंत, जवळपास सत्तर वर्षं, तसाच राहिला. त्या दोन सेंटांतला एक रचनाकाराचा आणि एक प्रकाशकाचा. रक्कम किरकोळ वाटते. पण ध्वनिमुद्रण एकाच आवाजात अडकलेलं असतं, रचना मात्र कितीही आवाजांत पुन्हा पुन्हा जन्म घेऊ शकते. गायकाचा आवाज थकतो, त्याची फॅशन मागे पडते, रचनेला या गोष्टी बाधत नाहीत. नॅशव्हिलमधून कंट्री गायिका म्हणून पुढे आलेल्या टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमांची ध्वनिमुद्रणं २०१९ मध्ये तिच्या मनाविरुद्ध विकली गेली, तेव्हा ती गाणी तिला नव्याने ध्वनिमुद्रित करता आली, आणि त्या रचनांवरचा रचनाकार म्हणून तिचा हक्क शाबूतच होता.

कंट्री संगीताचा धंदा तर मुळात या रचनेच्या हक्कावरच उभा राहिला. १९२७च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात मुद्रणयंत्र घेऊन आला. जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब हे कंट्रीचे आद्य तारे त्याला तिथेच सापडले. पीअरने व्हिक्टरकडून नेहमीसारखा पगार न घेता ध्वनिमुद्रित होणाऱ्या गाण्यांचे प्रकाशनहक्क मागून घेतले. खेड्यापाड्यांतल्या ज्या गाण्यांना शहरी प्रकाशक विचारत नव्हते, त्यांच्यात टिकाऊ मिळकत आहे हे त्याने ओळखलं. मग जुन्या लोकगीतांना थोडा वेगळा आकार देऊन ती कुणाच्या तरी नावे नोंदवण्याची पद्धत रूढ झाली. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरवस्त्यांतून गाणी गोळा करत हिंडे, तेव्हा त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. एकदा ऐकलेली चाल रिडलच्या डोक्यात पक्की बसे. हक्काच्या कागदांवर मात्र त्याचं नाव आलं नाही. पुढे १९३९ मध्ये रेडिओ केंद्रांनी मोबदला गोळा करणारी बीएमआय ही नवी संस्था उभी केली आणि हेच काम करणाऱ्या जुन्या संस्थेने दाराबाहेर ठेवलेल्या ग्रामीण गीतकारांना तिथे जागा मिळाली. १९४२ मध्ये गायक रॉय एकफ आणि गीतकार फ्रेड रोझ यांनी नॅशव्हिलमध्ये 'एकफ-रोझ' ही प्रकाशन कंपनी काढली. या शहराचा संगीतव्यवसाय अशा प्रकाशन कंपन्यांभोवती वाढला. तिथे येणाऱ्या प्रत्येक होतकरू गायकासमोर पहिला प्रश्न हाच असे, की गाणं आपलं असलं तरी ते कुणाच्या नावावर लागणार?

डॉलीच्या घरात मालकीचा प्रश्न याहून जुना आणि रोजच्या जगण्यातला होता. तिचे वडील रॉबर्ट ली पार्टन यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते आधी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करत आणि पुढे स्वतःच्या छोट्या तुकड्यावर तंबाखू पिकवू लागले. वाट्याने कसणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. घाम आपला, बियाणं कधी आपलं कधी मालकाचं, आणि खळ्यावर अर्धी रास दुसऱ्याच्या गाडीत. नॅशव्हिलचे गीतकार असेच वाट्याने कसत होते आणि सातबारा प्रकाशकाच्या नावावर होता. डॉलीला या व्यवहाराची वाट दाखवली तिच्या मामाने. बिल ओवेन्स स्वतः गाणी लिहीत. लहान वयातच ते भाचीला नॉक्सव्हिलच्या रेडिओवर घेऊन गेले. १९५९ मध्ये, तेराव्या वर्षी, लुइझियानातल्या एका लहान कंपनीने तिची पहिली रेकॉर्ड काढली. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती नॅशव्हिलला निघाली. मॉन्युमेंट या कंपनीने तिला करारबद्ध केलं, पण हा आवाज कंट्रीला चालणार नाही असं ठरवून तिच्याकडून पॉप गाणी गाऊन घेतली. मग १९६६ मध्ये तिने आणि मामाने रचलेलं 'पुट इट ऑफ अंटिल टुमॉरो' हे गाणं बिल फिलिप्स या गायकाने गायलं आणि ते कंट्रीच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. त्यानंतरच कंपनीने तिला कंट्री गाऊ दिलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. तिच्यातल्या गायिकेसाठी दार उघडलं ते तिच्यातल्या गीतकाराने. त्याच सुमारास मामा-भाचीने दोघांच्या आडनावांची अक्षरं जोडून 'ओव-पार' ही आपली प्रकाशन कंपनी काढली. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती आणि गायिका म्हणून तिच्या नावावर एकही गाजलेलं गाणं नव्हतं.

नुसता हक्क असून भागत नाही, रचनेतही दम लागतो. डॉलीच्या त्या काळातल्या रचना ऐकल्या की तो जाणवतो. १९७० मधलं 'डाउन फ्रॉम डोव्हर' हे गाणं एका अविवाहित गर्भवती मुलीचं आहे. प्रियकर येईल म्हणून ती वाट पाहते, घरच्यांनी तिला दूर केलेलं असतं, आणि अखेर बाळ मृत जन्मतं. त्या काळच्या कंट्री रेडिओला न पेलणारा विषय होता तो. १९७१च्या 'कोट ऑफ मेनी कलर्स'मध्ये आईने चिंध्या जोडून शिवलेला कोट घालून मुलगी अभिमानाने शाळेत जाते आणि तिथे तिची टिंगल होते. गाणं गरिबीचं रडगाणं गात नाही आणि तिला शोभेची वस्तूही करत नाही. मुलीचा अभिमान आणि तिला बसलेला धक्का ते एकाच श्वासात धरतं. १९७३ मध्ये आलेल्या 'जोलीन'मध्ये एक बाई आपल्या नवऱ्याला भुरळ घालू शकणाऱ्या दुसऱ्या बाईची विनवणी करते. अशा गाण्यांत राग काढण्याची रीत होती, इथे त्याजागी त्या बाईच्या रूपाचं कौतुक आणि स्वतःची लाचारी आहे. तिन्ही गाण्यांत एक बाई स्वतःच्या तोंडाने, आडपडदा न ठेवता बोलते. ही गाणी पुढे कितीतरी गायक-गायिकांनी आपलीशी केली आणि दर वेळी मूळ रचनेची किंमत वाढत गेली.

तिच्या कारकिर्दीतलं पहिलं मोठं 'नाही' पोर्टर वॅगनरला होतं. १९६७ मध्ये त्याने तिला आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात घेतलं. तो मोठा तारा होता, कार्यक्रम देशभर दिसे. त्याच्यामुळे आरसीए या रेकॉर्ड कंपनीचं दार उघडलं आणि दोघांची युगुलगीतं गाजली. सात वर्षं ती त्याच्या मंडळीत राहिली, आणि या काळात तिची स्वतंत्र गाणी त्याच्या गाण्यांहून पुढे गेली. बाहेर पडायचं तिने ठरवलं, पण ते त्याला पटवता येईना. तिने अनेकदा सांगितलं आहे, की वाद संपेनात म्हणून ती घरी गेली, निरोपाचं एक गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला गाऊन दाखवलं. तेच हे 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. १९७४ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. मग एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. ध्वनिमुद्रण ठरलं आणि ऐन वेळी त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याने अट घातली, की प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा आम्हाला हवा. डॉलीने नकार दिला, आणि त्या रात्री आपण रडत होतो असंही तिने सांगितलं आहे. इथे कायद्यातली एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. गाणं एकदा प्रसिद्ध झालं की ठरलेला दर भरून कुणालाही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची मुभा अमेरिकेचा कायदा देतो. त्यामुळे एल्व्हिसला ते गाण्यासाठी तिच्या परवानगीची गरज नव्हती. पार्करला हवी होती मालकी, आणि एल्व्हिसचं नाव एवढं मोठं होतं की गीतकार ती देऊन मोकळे होत. वडिलांनी ज्या अर्ध्या वाट्यावर आयुष्याची सुरुवात केली, तोच अर्धा वाटा लेकीने देशातल्या सर्वांत मोठ्या गायकाला नाकारला.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. ही पश्चातबुद्धी झाली, व्हिटनीचं ध्वनिमुद्रण झालं नसतं तर हाच नकार चूक ठरला असता. १९७४ मध्ये एल्व्हिसच्या आवाजातल्या गाण्याचा अर्धा वाटासुद्धा मोठी रक्कम होती, हे खरंच आहे. पण या नकाराकडे एकटी घटना म्हणून पाहिलं तरच तो जुगार वाटतो. 'ओव-पार' त्याआधी आठ वर्षं अस्तित्वात होती. एल्व्हिसला दिलेला नकार हा त्या धोरणाचाच पुढचा भाग होता. शिवाय हक्क हातचे गेले की काय होतं, याचं उदाहरण तिच्याच पिढीत आहे. केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी लॉरेटा लिन ही डॉलीइतकीच समर्थ गीतकार होती. बायकांच्या मनातलं रोखठोक बोलणारी तिची गाणी रेडिओ केंद्रांना अस्वस्थ करत. सुरुवातीला तिने विल्बर्न बंधूंच्या प्रकाशन कंपनीशी करार केला होता. सत्तरच्या दशकात ती त्यांच्यापासून वेगळी झाली, तरी गाण्यांचे हक्क त्यांच्याकडेच राहिले. त्या हक्कांसाठी ती पुढे कितीतरी वर्षं भांडली, पण ते परत मिळाले नाहीत. ज्या कराराचा लाभ दुसऱ्याला होणार, त्याखाली लिहायचं कशाला, म्हणून तिने त्या काळात स्वतःची गाणी लिहिणं जवळजवळ थांबवलं. इथे नुकसान पैशापुरतं राहिलं नाही, न लिहिलेल्या गाण्यांचं झालं. विली नेल्सनने उमेदवारीच्या काळात 'फॅमिली बायबल' हे गाणं पन्नास डॉलरला आणि 'नाइट लाइफ' दीडशे डॉलरला विकून टाकलं होतं. ती मूर्खपणाची विक्री नव्हती, घर चालवायचं होतं. डॉलीपाशी या दोघांना न मिळालेल्या दोन गोष्टी होत्या: धंद्याची माहिती असलेला, तिच्या बाजूचा मामा, आणि पोर्टरच्या कार्यक्रमातली नियमित मिळकत. हेही मान्य करायला हवं, की नकार देण्याआधी घरात चूल पेटती असावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तिला कंट्रीच्या बाहेर नेणारी मोठी गाणी मुळात तिची नाहीत. १९७७ मधलं 'हिअर यू कम अगेन' बॅरी मान आणि सिंथिया वील यांचं. १९८३ मध्ये केनी रॉजर्ससोबत गायलेलं 'आयलंड्स इन द स्ट्रीम' बी जीज बंधूंचं. मग तिच्या यशाचं श्रेय स्वतःच्या रचनांच्या हक्काला कसं द्यायचं? या गाण्यांनी तिचा श्रोतृवर्ग कित्येक पटींनी वाढवला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती गाणी ज्या स्थितीत गायली गेली ती पाहा. तिथे निवड तिच्या हातात होती. 'हिअर यू कम अगेन' फारच पॉप वाटेल, आपले कंट्रीचे श्रोते दुरावतील, या काळजीने तिने त्यात कंट्रीची ओळख असलेली स्टील गिटार घालायला लावली. ते गाणं दोन्ही बाजारांत चाललं. आणि १९८० मध्ये 'नाइन टू फाइव्ह' या चित्रपटात भूमिका करताना शीर्षकगीत तिने स्वतः रचलं. लांब नखं एकमेकांवर घासून टाइपरायटरसारखा आवाज काढत ती चित्रीकरणाच्या वेळी त्याची लय बांधत होती. १९८१ मध्ये ते सर्वसाधारण यादीत पहिलं आलं, त्याला दोन ग्रॅमी मिळाली आणि ऑस्करचं नामांकनही. कचेऱ्यांत राबणाऱ्या बायकांचं ते गाणं झालं आणि पुढे त्या चित्रपटावरून आलेल्या संगीत नाटकासाठीही तिनेच गाणी लिहिली. दुसऱ्यांच्या गाण्यांनी तिला उजेडात आणलं, पण पुढची चाळीस वर्षं मिळकत देत राहिली ती तिची स्वतःची गाणी.

ही मिळकत कशासाठी उपयोगी पडली, ते उतरत्या काळात दिसलं. १९८६च्या सुमारास आरसीएशी तिचा संबंध संपला. नव्वदच्या दशकात कंट्री रेडिओ तरुण चेहऱ्यांच्या मागे लागला आणि पन्नाशीला आलेल्या गायिकांची नवी गाणी वाजेनाशी झाली. या टप्प्यावर कलावंतासमोर सहसा दोनच वाटा असतात. जुनी गाजलेली गाणी गात फिरायचं, नाही तर तरुणांची नक्कल करायची. डॉली तिसरीकडे वळली. १९९९ मध्ये शुगर हिल या लहान कंपनीकडून 'द ग्रास इज ब्लू' हा ब्लूग्रासचा अल्बम तिने काढला. ब्लूग्रास हे तिच्या डोंगरातलं, बँजो, फिडल, मँडोलिनचं, विजेच्या वाद्यांशिवायचं संगीत. त्यात मोठा पैसा नव्हता, रेडिओवर जागा नव्हती. पण तिला रेडिओकडे हात पसरायचा नव्हता. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि जाणकारांनी तिच्या आवाजाकडे नव्याने कान दिला. त्याच वर्षी 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये तिचा समावेश झाला. २००७ मध्ये तिने स्वतःची 'डॉली रेकॉर्ड्स' सुरू केली आणि रचनेसोबत नव्या ध्वनिमुद्रणांची मालकीही आपल्याकडे घेतली. व्हिटनीच्या त्या गाण्यातून आलेला पैसा नसता तर ब्लूग्रासचा हा डोंगरी रस्ता तिला परवडला असता का, याचं उत्तर कुणी खात्रीने देऊ शकणार नाही. पण ज्यांच्यापाशी अशी मिळकत नव्हती, त्या तिच्या समकालीनांपैकी फार थोड्यांनी तो रस्ता धरला, एवढं दिसतं.

मालकीची सवय पुढे गाण्यापलीकडे गेली. १९८६ मध्ये तिच्या सेव्हियर काउंटीतल्या पिजन फोर्ज गावात, आधीपासून असलेल्या एका मनोरंजन उद्यानात भागीदारी करून तिने 'डॉलीवूड' सुरू केलं. रोजगारासाठी मुलखाबाहेर जावं लागणाऱ्या त्या भागात ते हजारो लोकांच्या नोकरीचं ठिकाण झालं. १९९५ मध्ये त्याच काउंटीत तिच्या प्रतिष्ठानाने 'इमॅजिनेशन लायब्ररी' सुरू केली. जन्मापासून पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या नावाने दर महिन्याला एक पुस्तक घरी येतं. वडिलांना वाचता येत नव्हतं, त्याची ही भरपाई असल्याचं ती सांगत आली आहे. आज हा उपक्रम अमेरिकेबाहेर कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडमध्येही चालतो आणि वाटलेल्या पुस्तकांची संख्या वीस कोटींच्या पुढे गेली आहे. त्या-त्या ठिकाणच्या संस्था पुस्तकांचा खर्च उचलतात, सगळा पैसा तिचा नसतो. पण तीस वर्षं मागे उभं राहू शकणारा कुणीतरी लागतो. मालकीला दुसरी बाजूही आहे. १९८८ पासून चालणाऱ्या तिच्या 'डिक्सी स्टॅम्पीड' या भोजनासोबतच्या कार्यक्रमात अमेरिकेच्या यादवी युद्धाला गमतीच्या स्पर्धेचं रूप दिलं होतं आणि गुलामगिरीचं दुःख पूर्ण गाळलं होतं. त्यावर टीका झाली, तेव्हा २०१८ मध्ये नावातला 'डिक्सी' हा, गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेची आठवण देणारा शब्द वगळला गेला. सर्व प्रकारच्या गिऱ्हाइकांना सांभाळणारी मालकीण आणि सत्य बोलणारी गीतकार यांच्यात इथे ताण होता आणि सुरुवातीची कित्येक वर्षं त्यात मालकिणीची सरशी झाली होती. 'डाउन फ्रॉम डोव्हर' लिहिणाऱ्या लेखणीकडून ही अपेक्षा नव्हती, असं म्हणणं मला योग्य वाटतं.

शेवटचा आक्षेप असा, की ही सगळी कहाणी एका असामान्य हुशार बाईची आहे आणि त्यातून इतरांनी काय शिकायचं? हक्क राखा, एवढा उपदेश पुरेसा आहे का? तो पुरेसा नाही, आणि तिच्या कारकिर्दीतून निघणारा खरा निष्कर्ष मला इथेच दिसतो. लेस्ली रिडल, लॉरेटा लिन आणि विली नेल्सन यांच्यात बुद्धीची कमतरता नव्हती. एकाच्या वर्णामुळे त्याला कागदावर जागा मिळाली नाही, दुसरीने कराराचे दीर्घ परिणाम कळण्याआधी सही केली, तिसऱ्याला त्या आठवड्याचा किराणा भरायचा होता. कलावंताने वयाच्या विशीत, गरजेच्या दिवशी केलेली सही त्याला आयुष्यभर बांधते, अशी व्यवस्था असेल तर डॉलीसारखा अपवाद दाखवून त्या व्यवस्थेला न्याय्य म्हणता येत नाही. अमेरिकेच्या कायद्याने काही पावलं टाकली आहेत. १९७८ पासून लागू झालेल्या कायद्याने, त्यानंतर लिहून दिलेले हक्क पस्तीस वर्षांनी परत मागण्याची तरतूद गीतकारांना दिली, म्हणजे तरुणपणीची चूक दुरुस्त करण्याची एक संधी दिली. २०१८च्या कायद्याने इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांचा गीतकारांना द्यायचा मोबदला गोळा करण्यासाठी स्वतंत्र संस्था उभी केली. पण ज्या नियमाने डॉलीला संपत्ती दिली, त्याच नियमाने रेडिओवरच्या व्हिटनीच्या आवाजाची किंमत शून्य ठरवली, आणि हा नियम आजही बदललेला नाही. 'हिअर यू कम अगेन' रेडिओवर वाजतं तेव्हा डॉलीच्या आवाजाचीही किंमत त्याच हिशेबाने शून्य असते. गाणं रचणारा आणि गाणारा या दोघांच्याही श्रमातून ते श्रोत्यापर्यंत पोहोचतं, म्हणून मोबदला दोघांनाही मिळायला हवा. आणि गाणं लिहिणाऱ्या कोवळ्या पोरीला आपल्या रचनेवरचा हक्क टिकवण्यासाठी हुशार मामा, नियमित पगार आणि एल्व्हिसला नाही म्हणण्याचं धैर्य अशा तिन्ही गोष्टी एकत्र जमून येण्याची वाट पाहावी लागू नये. डॉली पार्टनने असा योग जुळून आल्यावर जे मिळवलं, ते साध्या गीतकाराला कायद्याने मिळावं, हीच तिच्या कारकिर्दीची योग्य कदर ठरेल.